यूपीएसची बॅटरी : निवड आणि निगा

(संगणक-कक्षात झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज बोलण्यासाठी मला जो विषय देण्यात आला आहे, तो ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मी पाहिले. संगणकाच्या यूपीएसमधली बॅटरी हा काय भाषणाचा विषय झाला, असे त्यांना वाटले असेल. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु उन्हाळी सुटी संपल्यावर याच कक्षातील १२ यूपीएसची तपासणी मी केली, तेव्हा त्यांपैकी ७ यूपीएस वीज बंद करताच एक मिनिटसुद्धा तग धरू शकले नाहीत. आपल्या सचिव साहेबांनी काळजीने विचारले, "हे सातही टाकून नवे घ्यावे लागणार का?" मी म्हणालो, "साहेब, यूपीएस शाबूत आहेत. मेल्या आहेत त्या आतल्या बॅटऱ्या. आणि त्या आपण मारल्या आहेत." त्यावर साहेब म्हणाले, "मग हेच पालकांना आणि मुलांना येऊन सांगा." म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे.

मी विद्वान नाही. विजेच्या दुरुस्तीच्या कामात माझे आयुष्य गेले. त्यामुळे जे सांगणार आहे ते हाताने केलेल्या कामातले आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे, आणि तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आमच्या मोहल्ल्यातील एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. तिचे अब्बा रिक्षा चालवतात. घरात एक जुना संगणक आहे, त्याला यूपीएस आहे. आठ महिन्यांपूर्वी त्याची बॅटरी संपली, तेव्हा तिच्या अब्बांनी मला विचारले होते, "चाचा, कोणती आणू?" मी घाईत होतो. "बारा व्होल्ट, सात एएच सांगा, कोणीही देईल," असे म्हणून मी मोकळा झालो. त्यांनी तशीच बॅटरी आणली आणि बसवली. पुढे अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. यूपीएस एकदा ओरडला आणि बंद पडला. मुलीने तीन तास बसून जोडलेली कागदपत्रे, भरलेली माहिती, सगळे गेले. बापलेक नाक्यावरच्या सायबर कॅफेत धावले. तेथे जनरेटर होता. मध्यरात्रीची मुदत संपायला अवघी २० मिनिटे उरली असताना अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी मी ती बॅटरी काढून पाहिली. तिच्यावर छापलेली निर्मितीची तारीख खरेदीच्या दीड वर्ष आधीची होती. म्हणजे दुकानाच्या फळीवर ती अर्धी मरूनच त्यांच्या घरी आली होती. दुकानदाराने सांगितले नाही, ही त्याची चूक. परंतु तारीख पाहून घ्या एवढे चार शब्द मी सांगितले नाहीत, ही माझी चूक. त्या मुलीचे वर्ष वाचले ते तिच्या अब्बांच्या रिक्षामुळे, माझ्या सल्ल्यामुळे नव्हे.

आता कोणी म्हणेल की लोडशेडिंगचे दिवस गेले. २००५ नंतरची ती वर्षे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील; खेड्यापाड्यांत तासन् तास वीज नसे. आज तशी स्थिती नाही, हे खरे. पण वीज जायची ती जातेच. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाएकी गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. मुंबईत हे होऊ शकते, तर आपल्या तालुक्याच्या गावाची काय कथा!

प्रथम यूपीएसचे काम काय, ते समजून घेऊ. अनेकांचा समज असा की वीज गेली तरी संगणक चालू राहावा यासाठी यूपीएस असतो. हा समज अर्धाच खरा आहे. यूपीएस आपल्याला तास देत नाही, मिनिटे देतो. त्या मिनिटांत चालू काम जतन करावे आणि संगणक रीतसर बंद करावा, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. तासन् तास काम करायचे असेल तर इन्व्हर्टर आणि त्याची मोठी बॅटरी लागते. ती वेगळी व्यवस्था आहे. ही मिनिटे जिच्यात साठवलेली असतात ती बॅटरी. बाकीचे यंत्र दहा वर्षे चालेल, पण बॅटरी चालणार नाही. तिची झीज पहिल्या दिवसापासून सुरू असते, मग वीज एकदाही न जावो.

असे का, ते पाहू. या बॅटरीच्या मुळाशी असलेला शोध प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली लावला आणि तत्त्व आजही तेच आहे. आत शिशाच्या दोन प्रकारच्या प्लेटी असतात व त्यांच्यामध्ये सौम्य गंधकाम्ल असते. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटींवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो आणि आम्ल पातळ होते. चार्ज केली की हा थर विरघळतो आणि आम्ल पुन्हा तेज होते. थर ताजा असेल तर सहज विरघळतो. पण बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली, तर त्या थराचे कठीण स्फटिक बनतात आणि मग ते विरघळत नाहीत. प्लेटीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. जेवलेले ताट लगेच धुतले तर पाण्यानेच निघते, दोन दिवस तसेच ठेवले तर घासूनही निघत नाही, तसा हा प्रकार आहे. रिकामी बॅटरी तशीच ठेवू नये, हा एकच नियम तुम्ही घरी घेऊन गेलात तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा त्या पट्ट्यातील गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. आपल्यापैकी अनेकांची घरे त्या बाजूला आहेत. वीज परत आल्यावर माझ्याकडे तिकडून यूपीएस आले, त्यांतील बहुतेकांच्या बॅटऱ्या गेलेल्या होत्या. वादळाने यूपीएसला हातही लावलेला नव्हता. ते चालू स्थितीत राहिले, बॅटरी तळाला गेली आणि तशीच पडून राहिली, एवढेच झाले. आपल्या कक्षातही सुटीत हेच घडले. मुख्य स्विच बंद करून आपण घरी गेलो, पण यूपीएसचे बटण बंद केले नाही. त्याने बिचाऱ्याने वीज गेली असे समजून जेवढे होते तेवढे दिले आणि मग दीड महिना रिकाम्या पोटी, उन्हाळ्याच्या उकाड्यात तो पडून राहिला.

आता नवी बॅटरी कशी निवडावी, याकडे वळतो.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या बॅटरीवरील मजकूर. तो कागदावर लिहून घ्यावा किंवा मोबाइलमध्ये त्याचे छायाचित्र काढावे. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सामान्यतः १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. तिची लांबी १५१ मिलिमीटर, रुंदी ६५ आणि उंची ९४ मिलिमीटर. टर्मिनल धरून उंची १०० च्या आसपास जाते. याच मापात ९ एएचची बॅटरीही मिळते. मोठ्या यूपीएसमध्ये दोन किंवा अधिक बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. दोन असल्या तर २४ व्होल्ट होतात. व्होल्ट जेवढे लिहिले असतील तेवढेच हवेत, त्यात तडजोड नाही. एएच थोडे जास्त असले, म्हणजे सातच्या जागी नऊ, आणि माप तेच असले, तर सहसा चालते. मिनिटे थोडी वाढतात आणि भरायला वेळ थोडा जास्त लागतो.

दुसरी गोष्ट टर्मिनलची पात. ती दोन रुंदींत येते: ४.७५ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर. बॅटरी सारखीच दिसते, पण घरी आणल्यावर वायरीची टोपी बसत नाही. मग कोणी पक्कडीने दाबून बसवतो, कोणी तार गुंडाळतो. असा ढिला सांधा तापतो आणि प्लास्टिक वितळते. टर्मिनलवर थेट झाळकाम तर कधीही करू नये, कारण त्या उष्णतेने आतली मोहर सुटते.

तिसरी गोष्ट तारीख. चार्ज केलेली बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू रिकामी होते. २५ अंश तापमानात महिन्याला सुमारे तीन टक्के, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून साठ्यातील बॅटरी निदान सहा महिन्यांतून एकदा पुन्हा चार्ज करावी लागते, आणि लहान दुकानात हे सहसा कोणी करीत नाही. तारीख कधी सरळ छापलेली असते, कधी अक्षरे-अंकांच्या खुणेत असते. खूण समजली नाही तर दुकानदाराला वाचून दाखवायला सांगावे. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरे दुकान पाहावे. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. सहा महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नये.

चौथी गोष्ट वजन. ७ एएचची चांगली बॅटरी सुमारे २ ते अडीच किलो भरते. या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो, आणि शिसे हीच तिची ताकद. बाहेरून तीच, पण हाताला हलकी लागणारी स्वस्त बॅटरी म्हणजे आत शिसे कमी घातलेले आहे. जुन्या डब्यावर नवे लेबल लावलेल्या बॅटऱ्याही बाजारात येतात. टर्मिनलवर ओरखडे असतील किंवा लेबल तिरके असेल तर ती परत करावी. पक्के बिल घ्यावे आणि हमीपत्रावर तारीख व शिक्का मारून घ्यावा. शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी बिल सोडणारा गृहस्थ वर्षभरात दुसरी बॅटरी घेतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

आता विद्यार्थी मित्रांसाठी थोडा हिशेब. १२ व्होल्ट गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. तुमचा संगणक आणि पडदा मिळून १२० वॅट घेत असतील, तर कागदावर उत्तर ४२ मिनिटे येते. प्रत्यक्षात नवी बॅटरीसुद्धा १५ ते २० मिनिटेच देते. मग कंपनीने फसवले का? नाही. ७ एएच हा आकडा बॅटरी २० तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा आहे, म्हणजे ०.३५ अँपिअरने. आपला संगणक तिच्यातून १० ते १२ अँपिअर ओढतो. ओढ जितकी जोराची, तितका हाती येणारा साठा कमी. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली या गोष्टीचे गणित मांडले. शिवाय बॅटरीची १२ व्होल्टची वीज २३० व्होल्टची करताना यूपीएस स्वतःही काही भाग खातो. म्हणून मिनिटे मोजायची ती घड्याळावर मोजावी, कागदावर नव्हे. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट असेही समजू नये. अशा यूपीएसवर बहुधा ३६० वॅट लिहिलेले असते आणि तीच त्याची मर्यादा. लेसर प्रिंटर, इस्त्री, मिक्सर यांना त्याच्या जवळपास फिरकू देऊ नये.

बॅटरी बसवण्याचे काम जाणकार मोठ्या माणसाने करावे. मुलांनी जवळ उभे राहून पाहावे, हात लावू नये. यूपीएस बंद करून भिंतीतील पिन बाहेर काढावी, कारण काही यूपीएसमध्ये बॅटरीच्या वायरींपर्यंत घरच्या विजेचा धोका पोचतो. हातातले घड्याळ, अंगठी, बांगडी काढून ठेवावी. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. पण दोन टर्मिनलांमध्ये धातू आडवा आला, तर एवढीशी बॅटरी शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडते आणि अंगठी बोटावरच लालबुंद होते. काढताना आधी काळी वायर, मग लाल; जोडताना आधी लाल, मग काळी. जोडताना बारीकशी ठिणगी उडते, तिला घाबरू नये. वायरी उलट लागल्या तर मात्र फ्यूज जातो, आणि नशीब खोटे असेल तर सर्किटही. बसवल्यावर यूपीएस रात्रभर, निदान दहा-बारा तास, नुसता चार्जिंगला ठेवावा आणि मगच त्याच्यावर भरवसा टाकावा.

एकाहून अधिक बॅटऱ्या असतील तर सगळ्या एकाच वेळी, एकाच बनावटीच्या, एकाच सुमाराच्या तारखेच्या घ्याव्यात. एकच गेली म्हणून एकच बदलली, तर जुनी बॅटरी आधी रिकामी होते आणि नवीला आपल्याबरोबर ओढते. चार्ज होताना एकीला जास्त, दुसरीला कमी मिळते. बैलजोडीत एक बैल म्हातारा आणि एक तरणा जुंपला की दोघांचेही हाल होतात, तसेच हे.

काही मंडळी विचारतात, गाडीची मोठी बॅटरी जोडली तर दोन-तीन तास मिळतील ना? मिळतीलही, पहिल्या वेळी. पण लहान यूपीएसचा चार्जर लहान बॅटरीपुरताच असतो. मोठी बॅटरी तो धड भरू शकत नाही आणि ती सदा अर्धपोटी राहून मरते. दुसरे म्हणजे यूपीएस काही मिनिटे चालण्यासाठी बांधलेला असतो. तासन् तास चालवल्यास त्याचे भाग तापून जळतात. तिसरे म्हणजे गाडीची बॅटरी चार्ज होताना वायू सोडते आणि बंद खोलीत ते धोक्याचे आहे. लिथियमच्या बॅटरीबद्दलही सध्या विचारणा होते. ती हलकी आणि टिकाऊ आहे, यात शंका नाही. पण तिची चार्ज होण्याची रीत वेगळी आहे. यूपीएसच्या कंपनीने चालेल असे स्पष्ट लिहिले असेल तरच बसवावी, नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर नको.

आता निगा. बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. तिचे आयुष्य कंपनी सांगते ते २५ अंशांना धरून. त्यावर दर आठ-दहा अंश वाढले की आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून कागदावरची चार-पाच वर्षे आपल्याकडे दोन-तीनच भरतात. यूपीएस खिडकीच्या उन्हात, पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये. त्याच्यावर वह्या, कापड, शोभेची फुले ठेवू नयेत. चारही बाजूंनी वितभर मोकळी जागा असावी. जमिनीवर ठेवल्यास खाली लाकडी फळी ठेवावी, म्हणजे फरशी पुसताना पाणी आत जाणार नाही.

ही बॅटरी सीलबंद असते. तिचे झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर घालण्याचा उद्योग करू नये. ते इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीला लागते, हिला नाही. हिच्यातील आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते आणि झडपा ठराविक दाबाला उघडणाऱ्या असतात. एकदा छेडली की ती गेली.

दर तीन महिन्यांनी परीक्षा घ्यावी. संगणकावर नव्हे, कारण परीक्षेत काम बुडू नये. यूपीएस पूर्ण चार्ज असताना त्याला १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडावा, भिंतीचे बटण बंद करावे आणि घड्याळ लावावे. पहिली धोक्याची शिटी सतत वाजू लागली की वीज पुन्हा चालू करावी आणि मिनिटे वहीत लिहावीत. नवी असताना २० मिनिटे भरली होती आणि आता १० वर आली, तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली. परीक्षेनंतर लगेच पुन्हा पूर्ण चार्ज होऊ द्यावी. ही परीक्षा रोज मात्र घेऊ नये, कारण प्रत्येक वेळी तिचे थोडे आयुष्य खर्च होते.

ज्यांच्याकडे मल्टीमीटर आहे त्यांच्यासाठी दोन आकडे सांगतो. पूर्ण चार्ज करून, सोडवून काही तास ठेवलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.८ व्होल्टच्या आसपास दिसतात. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी आहे, ताबडतोब चार्ज करावी. परंतु मीटर बॅटरी भरलेली आहे की नाही एवढेच सांगतो. ती किती वेळ पुरेल हे बल्बच सांगतो. दुसरा आकडा यूपीएस चालू असताना जाणकाराने पाहायचा. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर १३.५ ते १३.८ व्होल्ट असावेत. सतत १४.५ किंवा त्याहून जास्त येत असतील, तर दोष चार्जरचा आहे आणि तो नव्या बॅटरीलाही सहा महिन्यांत खाईल. एकाच यूपीएसची बॅटरी पुनःपुन्हा जात असेल, तर दुकानदाराला दोष देण्याआधी हे तपासावे.

बॅटरी फुगली, हाताला चटका बसण्याइतकी तापली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर एक क्षणही थांबू नये. यूपीएस बंद करून पिन काढावी, खिडक्या उघडाव्यात, आणि फुगलेली बॅटरी ओढून काढण्याचा प्रयत्न न करता जाणकाराला बोलवावे.

सुटीला जाण्यापूर्वी रात्रभर चार्ज करावे, मग यूपीएसचे स्वतःचे बटण बंद करावे आणि मगच पिन काढावी. दीड-दोन महिन्यांच्या सुटीत मध्ये एकदा एक दिवस चार्जिंगला लावता आले तर फारच चांगले. आपल्या कक्षासाठी ही जबाबदारी यंदापासून दहावीच्या दोन विद्यार्थ्यांनी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, घेतली आहे. त्यांनी एक वही केली आहे. यूपीएसचा क्रमांक, बॅटरीची तारीख, बसवल्याची तारीख आणि दर तिमाहीची मिनिटे असे चार रकाने तिच्यात आहेत. आजच्या भाषणापेक्षा ती वही अधिक मोलाची आहे.

शेवटी एका गोष्टीबद्दल कळकळीने बोलायचे आहे. जुन्या बॅटरीचे काय करावे? भंगारवाला दारात येतो, किलोवर भाव सांगतो, आपण देऊन मोकळे होतो. पुढे तिचे काय होते? कुठेतरी उघड्यावर ती हातोड्याने फोडली जाते, आम्ल मातीत ओतले जाते, आणि शिसे वितळवताना त्याचा धूर आजूबाजूच्या घरांत शिरतो. हे काम करणारी गरीब घरांतील तरुण मुले असतात. त्यांच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरातल्या लहानग्यांपर्यंत पोचते. शिसे शरीरात गेलेले दिसत नाही, दुखत नाही. ते लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते, आणि तेवढी हानी परत भरून येत नाही.

ही भीती मी वाढवून सांगत नाही. आफ्रिकेतील सेनेगल देशात, डाकार शहराच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत, जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा घरोघर चालत असे. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे १८ लहान मुले मरण पावली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर असल्याचे म्हटले आहे, आणि बॅटऱ्या अशा रीतीने फोडणे हे त्यामागचे एक मोठे कारण दाखवले आहे.

आपण मुलांच्या शिक्षणासाठी संगणक घेतो. त्याच संगणकाची जुनी बॅटरी दुसऱ्या कोणाच्या मुलाची बुद्धी हिरावून घेत असेल, तर हा व्यवहार मला मान्य नाही, तुम्हालाही नसेल. भारतात २०२२ साली बॅटरीच्या कचऱ्याविषयी नवे नियम झाले आहेत. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली आहे, आणि बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी देण्याचे कर्तव्य आपल्यावर. तेव्हा नवी घेताना जुनी त्याच अधिकृत विक्रेत्याकडे द्यावी. बहुतेक ठिकाणी तिची किंमत बिलातून वजा होते. भंगारवाल्यापेक्षा दहा-वीस रुपये कमी मिळाले, तरी खुशीने सोडून द्यावेत. तोपर्यंत ती उभी ठेवावी, टर्मिनलवर चिकटपट्टी लावावी आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. आपल्या संस्थेनेही त्या ७ बॅटऱ्या याच मार्गाने परत केल्या. त्यांची पावती कार्यालयात आहे, कोणालाही पाहता येईल.

आणि ती मुलगी? तिच्या घरी मी स्वतः नवी बॅटरी घेऊन गेलो आणि पैसे घेतले नाहीत. तिने बॅटरी माझ्या हातातून घेतली, उलटीसुलटी केली आणि मला विचारले, "चाचा, हिच्यावर तारीख कुठे आहे?" मी दाखवली. तिने ती वाचली, वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आणि मगच मला पेचकस दिला. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आपणही एवढेच करावे: यूपीएसवरची धूळ पुसावी, बॅटरी कधी बसवली ते आठवावे आणि आठवत नसेल तर बल्ब लावून घड्याळ पाहावे.